गॅराडोसचे उरलेले 4 पॉइंट

प्रश्न : काका, मी खानापूर तालुक्यातला, पीयूसीच्या पहिल्या वर्षाला आहे. मोबाइलवर पोकेमॉन शोडाऊन (पोकेमॉनच्या टीमच्या लढतीचा खेळ) खेळतो. पाणी आणि हवा प्रकारचा गॅराडोस माझा लाडका. अ‍ॅडमंट नेचर (अटॅक वाढवणारा स्वभाव), 252 ईव्ही (आपण वाटून द्यायचे सरावाचे गुण) अटॅकमध्ये, 252 स्पीडमध्ये, उरलेले 4 एचपीत (म्हणजे जीव), हातात लाइफ ऑर्ब ही वस्तू. मूव्ह : ड्रॅगन डान्स, वॉटरफॉल (पाणी), अर्थक्वेक (जमीन), आइस फँग (बर्फ). आत येतो, एक डान्स करतो आणि पुढच्याच टर्नला आडवा होतो. सगळे हाच सेट सांगतात, मग माझाच का मरतो?
— गॅराडोसवाला, खानापूर

उत्तर : तुझं पत्र दुकानात पोरांना वाचून दाखवलं. (माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान खडेबाजारात. संध्याकाळी गिऱ्हाईक कमी, पोकेमॉनवाले जास्त.) एक म्हणाला आयटम बदल, दुसरा म्हणाला मूव्ह बदल, तिसरा म्हणाला गॅराडोसच बदल. पण या गॅराडोसने नेमकं कुणाला मारायचंय, हे कुणी विचारलं नाही. आखाड्यात जोड लावताना वस्ताद आधी समोरचा बघतो, मग आपला पठ्ठ्या. तू आपला पठ्ठ्या बघून लंगोट आवळलास.

स्पीडपासून धरू. लेव्हल 100 चा हिशेब कागदावर मांड. गॅराडोसचा बेस स्पीड, म्हणजे जातीचा मूळ वेग, 81. त्याची दुप्पट 162. आयव्हीचे, म्हणजे जन्मजात गुणांचे, 31. 4 ईव्हीला 1 पॉइंट मिळतो, म्हणजे 252 चे 63. वर ठरलेले 5. बेरीज 261. अ‍ॅडमंट नेचर स्पीडला हात लावत नाही, तेव्हा 261 वरच राहिलास. एक ड्रॅगन डान्स म्हणजे स्पीड दीडपट, म्हणजे 391.

आता समोर कोण येतं ते बघ. वीव्हाइल पूर्ण स्पीड घेऊन आला तर 383. तो तुझ्या मागे. ड्रॅगापल्ट पूर्ण स्पीडला 421. तो डान्सनंतरही तुझ्या पुढे, आणि त्याच्याकडे थंडरबोल्ट असला की खेळ खलास. पाणी आणि हवा दोन्हीला वीज लागते, त्यामुळे गॅराडोसला ती चौपट. हेच नेचर जॉली केलंस तर 261 चे 287 होतात आणि डान्सनंतर 430. ड्रॅगापल्टपेक्षा 9 जास्त. याची किंमत अटॅकमध्ये मोजायची : 383 चे 349.

पोरं या 34 पॉइंटसाठी रडतात. माझं मत विचारशील तर जॉली. डान्स करूनही दुसराच आधी मारणार असेल तर तो जास्तीचा अटॅक काय शोकेसमध्ये ठेवायचाय? तुझ्या टीममध्ये ड्रॅगापल्टला आवरणारा दुसरा कुणी पक्का असेल, तरच अ‍ॅडमंटला अर्थ आहे. आणि चॉइस स्कार्फवाला (स्कार्फने स्पीड दीडपट होतो) गार्चॉम्प 499 ला पळतो, त्याला जॉलीही गाठत नाही, हे आधीच मनात धरून ठेव. एका पोकेमॉनने सगळ्यांना मागे टाकावं, हा हट्ट सोड.

आता ते 4 पॉइंट. खरी गंमत इथे आहे आणि ती जवळजवळ सगळ्यांच्या नजरेतून सुटते. ईव्ही काहीच न घालता गॅराडोसचं एचपी 331. तू 4 घातलेस, ते 332 झालं. जास्त झालं म्हणजे बरंच, असं वाटतं ना? समोरच्याने स्टेल्थ रॉक टाकला असेल तर उडणाऱ्याला दगड दुप्पट लागतो, म्हणजे आत येताना दरवेळी एचपीचा चौथा हिस्सा जातो. 332 चा चौथा हिस्सा बरोबर 83. चौथ्यांदा आत आलास की पाय ठेवताक्षणी संपलास. 331 ला भागलं तर 82 आणि उरलेला अपूर्णांक गेम सोडून देतो. चार वेळा आलास तरी 328 जातात, 3 शिल्लक. तीन एचपीवर उभा असलेला गॅराडोसही वॉटरफॉल पूर्ण ताकदीनेच मारतो. ते 4 पॉइंट स्पेशल डिफेन्सला दे.

चार वेळा कोण आत येतं, असं म्हणशील. पण तू लाइफ ऑर्ब दिलायस. त्याने मारा 1.3 पट होतो आणि प्रत्येक माऱ्याला तुझंच दहावा हिस्सा एचपी जातं. एकदा आत येणं 82, तीन मारे 99. समोरच्याने बोटसुद्धा न लावता 331 पैकी 181 गेले! गॅराडोसला लाइफ ऑर्ब देणं मला कधीच पटलं नाही. हेवी-ड्यूटी बूट्स घाल, दगडाचा प्रश्नच मिटतो. मग ते 4 पॉइंट एचपीत ठेवलेस तरी माझी तक्रार नाही. किंवा लेफ्टओव्हर्स दे, दर टर्नला 20 एचपी परत येतं. पण मग टीममध्ये रॅपिड स्पिन किंवा डिफॉगने दगड झाडणारा कुणीतरी लागेल.

डान्स कधी करायचा, हे तू लिहिलंच नाहीस. माझा अंदाज, आलास की करतोस. कालच दुकानात एका पोराने तेच केलं. समोर वॉश रोटॉम, म्हणजे वॉशिंग मशीनमध्ये शिरलेला रोटॉम, आणि हा डान्सवर बोट ठेवतोय. शेजारचा हुक्केरीचा पोरगा ओरडला, "बेडा रे, बेडा!" (नको रे, नको!) तोवर बटण दाबून झालं होतं. रोटॉमला वॉटरफॉल निम्मा लागतो, लेव्हिटेट म्हणजे तरंगण्याच्या अंगच्या गुणामुळे अर्थक्वेक लागतच नाही, आणि त्याच्याकडे वीज आहे. विल-ओ-विस्पने चटका दिला तर तुझा अटॅकच निम्मा. रोटॉम जिवंत असेपर्यंत गॅराडोसला मागे ठेव. तसाच डोंडोझो. त्याची अनअवेअर अ‍ॅबिलिटी तुझे डान्स मोजतच नाही, कितीही नाच.

मग यायचं कधी? समोरचा स्कार्फवाला गार्चॉम्प अर्थक्वेक मारून बसलाय असं धर. चॉइस आयटममुळे तो त्याच मूव्हला बांधलेला. गॅराडोसला जमिनीचा मारा लागत नाही. तू आत आलास की तुझ्या इंटिमिडेट अ‍ॅबिलिटीने त्याचा अटॅकही दोन तृतीयांशावर येतो. आता त्याला बाहेर जाण्याशिवाय मार्ग नाही, आणि तो बाहेर जातो तो टर्न तुझा. डान्स तिथे. तोच गार्चॉम्प ताजा, न बांधलेला असेल तर 499 च्या स्पीडने स्टोन एज घालील.

अर्थक्वेक ओढून घेणारा एखादा जोडीदार टीममध्ये ठेवलास तर अशी संधी आपोआप येते. आइस फँग राहू दे. ते काढलंस तर ड्रॅगोनाइट तुझ्यासमोर निवांत बसेल. पाणी त्याला निम्मं लागतं आणि जमीन लागतच नाही. टेरा (मॅचमध्ये पोकेमॉनचा प्रकार बदलण्याची सोय) कशाला वापरायचा ठरलं नसेल तर ग्राउंड करून बघ. चौपट लागणारी वीज एकदम शून्य होते आणि अर्थक्वेकला जोर येतो. पाण्याचा जोरही जात नाही. मात्र मग जमिनीचा मारा लागायला लागतो आणि पाणी, बर्फ, गवत दुप्पट लागतं. टेरा एका मॅचमध्ये एकदाच, म्हणून ड्रॅगापल्टसारख्यासाठी राखून ठेव.

प्रश्न : 2014 च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये पाचिरिसू नावाच्या खारीने कप मिळवून दिला म्हणतात. मग स्ट्राँग-वीक असं काही नसतंच ना? आवडीचा कुठलाही घेऊन जिंकता येतं?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : कप मिळाला हे खरं. वॉशिंग्टन डीसीला कोरियाच्या सेजुन पार्कने मास्टर्स गटात तो जिंकला. पण "कुठलाही घेऊन" हे काही खरं नाही. पाचिरिसूच्या सहा बेस स्टॅट्सची बेरीज 405, अटॅक फक्त 45. मारायला नेला असता तर पहिल्या फेरीतच हसं झालं असतं. पार्कने त्याला मारायला नेलाच नव्हता.

तिथे डबल्स खेळतात. सहाची टीम दाखवायची, त्यातले चार निवडायचे, मैदानात एका वेळी दोन. पार्कच्या टीममध्ये गॅराडोस होता, आणि गॅराडोसचं दुखणं काय ते वरच्या उत्तरात आलंच आहे. पाचिरिसूने फॉलो मी केलं की समोरच्याने गॅराडोसवर रोखलेली वीज पाचिरिसूवर येते. आणि त्याची अ‍ॅबिलिटी व्होल्ट अ‍ॅब्सॉर्ब! वीज लागली की त्याचं एचपी उलट चौथ्या हिश्श्याने वाढतं. समोरच्याने गॅराडोससाठी आणलेलं औषध खारीने पिऊन टाकलं.

बाकीच्या मूव्हही तशाच. सुपर फँग समोरच्याचं उरलेलं एचपी निम्मं करतो. त्यात आपला अटॅक मोजतच नाहीत, 45 असो की 4. नझल पॅरालिसिस देतो, म्हणजे तेव्हाच्या नियमाने स्पीड चौथ्या हिश्श्यावर (आता निम्मा). चौथा प्रोटेक्ट, म्हणजे त्या टर्नपुरता बचाव. या चारपैकी एकाही मूव्हला ताकद लागत नाही, हे नीट बघा. दुसऱ्या कुणाला त्याच्या जागी उभा केला असता तर एकतर फॉलो मी नसतं, नाहीतर वीज पिता आली नसती.

तेव्हा आवडीचा घ्या, पण त्याच्याकडून होणारं आणि दुसऱ्याकडून न होणारं एक काम मला लिहून पाठवा. "क्यूट आहे" हे कारण धरणार नाही.

वर्ल्डसारख्या मॅच लेव्हल 50 ला होतात, त्याचा एक फरक लक्षात असू द्या. तिथे आयव्ही 31 असताना पहिल्या 4 ईव्हीला 1 पॉइंट, पुढे मात्र 8 ला 1. 252 घालून 32 पॉइंट मिळतात. मधला एखादा आकडा, समजा 8, घातला तर 4 वाया जातात. 4, 12, 20, 28 अशाच पायऱ्यांवर थांबायचं. शोडाऊनच्या लेव्हल 100 च्या सवयीने येणारी पोरं हमखास इथे अडकतात.

प्रश्न : माझ्या टीममध्ये सहाही अटॅकर आहेत. चालेल का?
— चिकोडी

उत्तर : चालेल. दर टर्नला तूच आधी मारत असशील आणि दर मारा लागत असेल तर.

प्रश्न : नातू जेवाय बसला तरी तोंडात त्येच. "252 हिकडं घालू काय तिकडं घालू" म्हणूलाय. रातचं बी मोबाइल सोडंना. ह्यात पैशाचं काय नाही न्हवं?
— एक आजी, शहापूर, बेळगाव

उत्तर : आजी, पैशाचं काही नाही. शोडाऊन फुकट आहे, त्यात काही विकत घ्यायचं नसतं. पोरगा बेरीज-भागाकार करूलाय, एवढंच. प्रत्येक पोकेमॉनला 510 ईव्ही असतात, एका ठिकाणी 252 च्या वर जात नाहीत, ते वाटत बसायचं. खरंच येतंय का बघायचं असेल तर त्याला विचारा, "252 आणि 252 आणि 4 मिळून 508 झाले, मग 510 मधले 2 कुठं गेले?" चारच्या खाली पॉइंट मिळत नाही, ते 2 वायाच जातात. हे सांगता आलं तर पोरगं डोकं लावून खेळतंय. आणि जेवताना मोबाइल काढून घ्या. मॅचचं घड्याळ चालू असेल, हरेल, हरू दे.

प्रश्न : आयव्ही सगळीकडे 31 च हवेत ना? माझा मित्र मुद्दाम 0 ठेवतो आणि मला हसतो.
— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, उद्यमबाग

उत्तर : मित्र बरोबर आहे, पण त्याने कुठे 0 ठेवलाय त्यावर अवलंबून आहे. जो पोकेमॉन फक्त स्पेशल मारा करतो, त्याचा अटॅक 0 ठेवावा. फाउल प्ले ही मूव्ह तुमचाच अटॅक वापरून तुम्हाला मारते, कन्फ्यूजनमध्ये स्वतःला लागणारा फटकाही अटॅकवरच मोजतात. न वापरलेली ताकद आपल्याच अंगावर का घ्या?

दुसरी जागा स्पीड, ट्रिक रूमच्या टीममध्ये. त्यात पाच टर्न जो हळू तो आधी. टॉरकोलचा बेस स्पीड 20. लेव्हल 50 ला साध्या नेचरने, ईव्ही न घालता, 31 आयव्ही असला तर 40 होतो. आयव्ही 0 आणि नेचर क्वाएट (स्पीड कमी करणारं) केलं तर 22. ट्रिक रूममध्ये हा 22 वाला एचपी भरलेलं असताना 150 ताकदीचा इरप्शन सगळ्यांच्या आधी ओततो. हळू असण्याचा आणखी एक फायदा : दोघे एकाच वेळी मैदानात आले तर हवामान बदलणारी अ‍ॅबिलिटी आधी वेगवानाची चालते, मग हळूची. समोर पेलिपर आला तर आधी त्याचा पाऊस पडतो, त्यावर टॉरकोलचं ऊन पडतं आणि तेच टिकतं.

संरक्षणाच्या तिन्ही आकड्यांत मात्र कुणी 0 ठेवायला सांगितलं तर तो तुमच्याविरुद्ध खेळणार असेल.