पहिल्या वर्षी घे, दुसऱ्या वर्षी नको

तुझा प्रश्न मला कळला तो असा: ऑगस्टमध्ये एमएससाठी अमेरिकेला निघतो आहेस, बिग टेन या विद्यापीठांच्या क्रीडागटातलं विद्यापीठ आहे, फुटबॉलच्या सीझन तिकिटाची मेल आली आहे, विद्यार्थ्यांना सात मॅचचे २३० डॉलर. आणि घरी बाबा म्हणतात, "वीस हजार रुपये मॅच पाहायला? काहून बाप्पा, शिकायला चालला की जत्रेला?" वरच्या प्रतिसादांत दोघातिघांनी "पैसे पाण्यात, घेऊ नको" असं सांगून टाकलंय. मला त्यांचं अर्धंच पटलं.

मी त्याच भागात दोन वर्षं शिकले आणि दोन्ही वर्षी तिकीट घेतलं. पहिल्या वर्षी सातपैकी सहा मॅच पाहिल्या. दुसऱ्या वर्षी दोन. तेव्हा दोन्ही बाजूंनी बोलायचा हक्क मला आहे.

आधी एक घोळ निस्तरू. आपल्या नागपुरात फुटबॉल म्हटलं की कामठीची पोरं डोळ्यांपुढे येतात. तिथला फुटबॉल तो नव्हे. अंडाकृती चेंडू, बहुतेक वेळ हातातच. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांकडे. शेवटच्या रेषेपार नेला की सहा गुण. एवढ्यावर निघ, बाकीचं शेजारचा ओरडून ओरडून शिकवतो. घड्याळात खेळ ६० मिनिटांचा, पण उरकायला साडेतीन तास लागतात, कारण तो सारखा थांबतो. जामठ्याच्या क्रिकेट स्टेडियमवर अख्खा दिवस उन्हात कसोटी पाहिलेल्या माणसाला त्याचं काही वाटू नये.

आता पैशाचं. २३० भागिले ७, म्हणजे मॅचला ३३ डॉलर, असा हिशेब मेलमध्ये मोठ्या अक्षरांत दिला असेल. तो हिशेब फसवा आहे. सीझनमध्ये एकूण १२ मॅच असतात, ऑगस्टअखेरीपासून नोव्हेंबरअखेरीपर्यंत, त्यातल्या साधारण सात घरच्या मैदानावर. सुरुवातीच्या दोनतीन बहुधा लहान विद्यापीठांशी. त्यांना चांगले पैसे देऊन बोलावतात. ते येतात, हरतात, चेक घेऊन परत जातात. अशा मॅचचं तिकीट आदल्या दोन दिवसांत कुणीही कवडीमोलाने देतं, कधी फुकटही. म्हणजे तुझे २३० डॉलर खरे जातात ते ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या तीनचार मॅचवर. तेवढ्या नक्की पाहणार असलास तरच सीझन तिकीट परवडतं. त्या सुट्या घ्यायला गेलास, विशेषतः कट्टर प्रतिस्पर्ध्याशी असलेली, तर दोनच तिकिटांत २३० उडू शकतात.

लहान संघांना हसू मात्र नकोस. २००७ साली मिशिगन विद्यापीठाने आपल्या मैदानावर ॲपलेशियन स्टेट नावाचं विद्यापीठ असंच बोलावलं होतं आणि ३४-३२ ने हरून बसले. ते स्टेडियम १ लाख ७ हजारांचं आहे. आपलं जामठा ४५ हजारांचं धर, म्हणजे दोन जामठे भरून वर सतरा हजार माणसं, सगळी गप्प.

बाबांना एक सांगून पाहा. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तास काम करता येतं. तासाला १२ डॉलर धरले तर हे तिकीट साधारण १९ तासांचं, म्हणजे मेसमध्ये एक आठवडा भांडी घासण्याचं. रुपयात वीस हजार ऐकून छातीत धस्स होतं, तासांत ऐकलं की माणूस शांत होतो. मात्र बाबांचंही खोटं नाही: तुला पैसे भरायचेत जुलैत, आणि नोकरी लागली तर लागेल सप्टेंबरात. मधल्या काळात डिपॉझिट, गादी, पहिलं भाडं सगळं एकदम अंगावर येतं. लोनच्या पैशांतून हे तिकीट घेणार असशील तर घेऊ नको. तिथे मी वरच्या लोकांच्या बाजूने. आधी फीची पावतीही नीट वाच. काही विद्यापीठांत विद्यार्थ्यांचा प्रवेश फीमध्येच धरलेला असतो.

लोक सांगतात, "नाही जमलं तर विकून टाक." माझा दुसऱ्या वर्षीचा किस्सा ऐक. अभ्यासामुळे जमेना म्हणून एका मॅचचं तिकीट ६० डॉलरला दिलं. घेणारा विद्यार्थी नव्हता. दारावर त्याला ओळखपत्र विचारलं आणि परत पाठवलं. मला पैसे परत करावे लागले, वर त्याचे दोन शब्द ऐकून घ्यावे लागले. तिकीट फोनवर असतं, पण बऱ्याच ठिकाणी ते विद्यार्थ्याच्या नावाशी बांधलेलं असतं. बाहेरच्याला द्यायचं तर फरकाची रक्कम भरून बदलून घ्यावं लागतं. चौघांत दोन तिकिटं घेऊन आळीपाळीने जाऊ, हा आपला लाडका जुगाडही सगळीकडे नियमात बसेलच असं नाही. तुझ्याकडचा नियम आत्ताच मेल करून विचार.

खरी अडचण पैशाची नाही, शनिवारची आहे. मॅच कोणत्या शनिवारी ते आधी कळतं, पण किती वाजता ते बरेचदा टीव्हीवाले १२ दिवस आधी ठरवतात, कधीकधी तर ६ दिवस आधी. दुपारी बाराला असेल किंवा रात्री साडेसातला. दिवस गेलाच म्हणून समज. आपल्या मंडळींचा दिवाळीचा कार्यक्रमही शनिवारीच असतो, गरबाही, आणि तू पोह्यांचं काम अंगावर घेतलंस की मॅच बुडाली. शेवटची मॅच थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी असते. नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारची ती सुट्टी लागली की रूममेट गाडी भाड्याने घेऊन भटकायला निघतात आणि तुला मागे राहवत नाही.

म्हणून मी म्हणते, पहिल्या वर्षी घे. एमएसवाल्याला दोनच पानगळी, म्हणजे फुटबॉलचे दोनच सीझन मिळतात. दुसऱ्या पानगळीत सप्टेंबरला करिअर फेअर, ऑक्टोबरला मुलाखती. मी शनिवारी सकाळी खोलीत बसून कंपन्यांच्या ऑनलाइन टेस्ट देत होते आणि खिडकीतून स्टेडियमचा आवाज येत होता. पैसे भरलेल्या मॅचचा आवाज फार वाईट लागतो कानाला.

पहिल्या पानगळीत मात्र तुझ्याकडे वेळ असतो आणि माणसं नसतात. चार देशी पोरं एका फ्लॅटमध्ये, शनिवारी किराणा, रविवारी कुकर. डिसेंबर येतो आणि गावाशी ओळखच झालेली नसते. मला लॅबमधल्या एका मुलीने पहिल्या मॅचला ओढून नेलं. सकाळी आठपासून पार्किंगमध्ये गाड्यांच्या डिक्क्या उघड्या, शेगड्या पेटलेल्या, आजोबांपासून कडेवरच्या बाळापर्यंत सगळे एकाच रंगात. अनोळखी काकू हातात सॉसेज ठेवून मोकळ्या. (मांस खात नसशील तर डबा ने. चिप्सवर दिवस निघत नाही.) मला आठवली ती पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची इतवारी. मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघाली की "घेऊन जा गे मारबत" ओरडायला कुणाला इतिहास माहीत असावा लागत नाही, गर्दीत शिरलं की घशातून आपोआप निघतं. तिथे तसंच. त्या मुलीशी आणि तिच्या टोळक्याशी माझी ओळख त्या चार तासांत झाली. पुढे घर बदलताना सामान वाहायला तीच पोरं आली.

आणि हो, पोरगी एकटी जाऊ शकते का असं एकीने विचारलं होतं. मी गेले आहे, विद्यार्थ्यांच्या भागात दुपारच्या मॅचला काही वाटलं नाही. रात्रीच्या मॅचनंतर मात्र घोळक्यानेच परतायची. पिऊन आलेले बरेच असतात.

बारीकसारीक गोष्टी: विद्यार्थ्यांच्या भागात बाक असतात, पण बसतं कुणी नाही, साडेतीन तास उभं राहायचं. बॅग पारदर्शक लागते, काही ठिकाणी बॅगच नेऊ देत नाहीत, त्यामुळे कॉलेजातून थेट जाऊ नको. नोव्हेंबरची थंडी नागपूरच्या डिसेंबरसारखी गुलाबी नसते. पाय आधी गारठतात, कारण खाली काँक्रीट नाहीतर पत्रा. सामानाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून पायाखाली घे, मोज्यांच्या दोन जोड्यांपेक्षा जास्त काम करतो. हे मला एका सत्तरीच्या गृहस्थांनी शिकवलं, स्वतःचा अर्धा पुठ्ठा देऊन.

तर वेळापत्रक उघड. सात तारखांपुढे मिडटर्म, दिवाळी, थँक्सगिव्हिंग लिही. लहान संघ सोडून मोठ्या मॅचपैकी तीन तरी उरल्या तर पैसे भर. दोनच उरल्या तर सोडून दे, एखादी सुटी मॅच बघ आणि उरलेल्या पैशांत चांगलं जॅकेट घे.

माझ्या बाबांचंही तुझ्या बाबांसारखंच होतं. ऑक्टोबरात एक रात्रीची मॅच होती, साडेसातची, म्हणजे आपल्याकडे रविवारी पहाटेचे पाच. मी स्टँडमधून व्हिडिओ कॉल लावला. बाबा त्रिमूर्तीनगरच्या गच्चीवर चहा घेऊन बसले होते. दहा मिनिटं नुसतं पाहत राहिले, मग म्हणाले, "कोण जिंकून राह्यलं?" मी म्हटलं, माहीत नाही. पुढच्या शनिवारी रात्री त्यांनीच फोन करून विचारलं, उद्या पहाटे आहे का?