इम्प्रिंटेड पॉलिमर की क्यूसीची नोकरी?

प्रश्न: मुलगी टी.वाय.बी.एस्सी.ला आहे, रसायनशास्त्र. कॉलेजात एक व्याख्यान ऐकल्यापासून ‘मॉलेक्युलरली इम्प्रिंटेड पॉलिमर’ वापरून सेन्सर बनवायचे, पीएच.डी. त्यातच करायची, असं म्हणते. मला वाटतं, फार्मा कंपनीत क्यूसीला (औषधांच्या दर्जातपासणीला) लागावं. या विषयात नोकऱ्या आहेत का? – एक पालक, चिंचवड

उत्तर: नमस्कार. या नावाची जाहिरात तुम्हाला क्वचितच दिसेल. पण विषय हवेतला नाही. जो रेणू ओळखायचा, समजा दुधात उतरलेलं अँटिबायोटिक, तो मेथाक्रिलिक ॲसिडसारख्या मोनोमरमध्ये (पॉलिमरच्या सुट्या घटकात) मिसळून, साखळ्या एकमेकींना जोडणाऱ्या क्रॉसलिंकरने घट्ट पॉलिमर करतात आणि मग रेणू धुऊन काढतात. मागे त्याच्या मापाच्या पोकळ्या राहतात. तोच रेणू पुन्हा आला की तिथे अडकतो. रेणू ओळखायला एरवी वापरतात त्या अँटिबॉडी या प्रथिनांपेक्षा हे स्वस्त पडतं आणि उष्णताही सोसतं. पुण्यालाही हे नवं नाही. पाषाणच्या एनसीएलमध्ये, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, डॉ. रघुनाथ माशेलकर आणि सहकाऱ्यांनी याच तंत्राने एन्झाइमसारखं काम करणारं हायड्रोजेल (पाणी धरून ठेवणारं मऊ पॉलिमर) तयार केलं होतं. तो शोधनिबंध १९९६चा.

अडतं ते पुढे. रेणू पूर्ण धुतला जात नाही, उरलेला नंतर पाझरतो आणि नमुन्यात काही नसतानाही सेन्सर ‘आहे’ म्हणतो. सगळ्या पोकळ्या सारख्या होत नाहीत. सेंद्रिय द्रावकात छान चाललेला पॉलिमर पाण्यात ढेपाळतो. शिवाय दर वेळी रेणू न घालता तसाच दुसरा पॉलिमर करून तुलना करायची, आणि कधीकधी तोही जवळजवळ तेवढंच शोषतो! व्याख्यानाच्या स्लाइडवर हे नसतं. टी.वाय.च्या प्रोजेक्टला तिने एवढंच करून पाहावं: दोन्ही पॉलिमर, धुणं, मोजणं. त्याला कंटाळली, तर पीएच.डी. नको.

एम.एस्सी.ला मात्र इतका अरुंद विषय धरू नये. पॉलिमर किंवा ॲनालिटिकल घ्यावं, सोबत इलेक्ट्रोकेमिस्ट्री नीट शिकावी. मग रंग, चिकटद्रव्यं, डायग्नोस्टिक्स, फार्मा, सगळीकडे वाव राहतो. तुमचं क्यूसीही त्यात बसतं, कारण पाझरलेला रेणू बहुधा एचपीएलसीवरच, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या, क्यूसीतही वापरल्या जाणाऱ्या यंत्रावर, मोजतात.

पैशाचं म्हणाल तर सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ ही पीएच.डी.साठीची शिष्यवृत्ती मिळाली की दरमहा ३७,००० रुपये मिळतात.

जॅमचे, म्हणजे आयआयटी वगैरेंतल्या एम.एस्सी.च्या प्रवेशपरीक्षेचे, अर्ज साधारण सप्टेंबरात निघतात, परीक्षा फेब्रुवारीत. तो अर्ज भराच, पण विद्यापीठातल्या एम.एस्सी. प्रवेशाचाही सोडू नका.