कॉलेजच्या फीवर मतदान, ही काय भानगड?

प्रश्न : माझी मुलगी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या एका कॅम्पसला बीएस करतेय, एफ-१ व्हिसावर. परवा व्हिडिओ कॉलवर म्हणाली, बाबा आमच्याकडे फीवर मतदान आहे, जिम वाढवायला दर टर्मला जास्तीचे पैसे घ्यायचे का म्हणून. मला काही कळेचना. आमच्या वेळी कॉलेजच्या खिडकीवर आकडा लागायचा आणि आपण गुपचूप भरायचा. शिवाय परदेशी माणसाने तिकडे मत देणं गुन्हा आहे असं ऐकलंय, म्हणून तिला सांगितलं लांब राहा. बरोबर केलं ना? आणि सगळ्यांनी नाही म्हटलं तर फी कमी होईल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी व्हिसाची धास्ती काढून टाका. गुन्हा आहे तो सरकारी निवडणुकीत मत देणं, हे आपलं विद्यापीठातलं आहे, इथे नागरिकत्व कोणी विचारत नाही. ती फी जिच्या बिलात येणार ती रजिस्टर्ड विद्यार्थिनी असली की झालं. तेव्हा तिला परत फोन करा, म्हणावं मी चुकलो.

आता फी. तिला पोर्टलवरचं बिल उघडून ओळीनं वाचायला सांगा. ट्यूशन, स्टुडंट सर्व्हिसेस फी, आणि परराज्यातल्या-परदेशातल्या मुलांना लागणारी ती जबरी सप्लिमेंटल ट्यूशन (तुमचं कंबरडं मोडते ती हीच), या तिन्ही रीजंट्स म्हणजे विद्यापीठाचं नियामक मंडळ ठरवतं, तिथे मुलांना मत नाही, म्हणजे अख्ख्या बोर्डात मत असलेला एक विद्यार्थी असतो तेवढंच. 2009 च्या नोव्हेंबरात त्यांनी 32 टक्के वाढ केली तेव्हा मुलं रस्त्यावर आली, इमारती अडवून बसली, पण मतपेटी काही कोणी पुढे केली नाही. आता 2022 पासून ज्या बॅचला जी ट्यूशन लागली ती सहा वर्षांपर्यंत तीच राहते, हा दिलासा आहे.

पण खाली एक ओळ असते, कॅम्पस बेस्ड फीज, ती या गोठवण्यात येत नाही आणि मतदान होतं ते हिच्यावर. जिम, बसपास, स्टुडंट युनियनची इमारत असलं सगळं त्यात. त्यामुळे सगळ्यांनी नाही म्हटलं तर नवी ओळ वाढणार नाही, पण जुनं बिल काही कमी होणार नाही.

खरी गंमत नियमात आहे. नवी फी लावायची तर निदान 20 टक्के मुलांनी मतदान करायला हवं आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त हो म्हणायला हवीत. करा हिशोब, शंभरातल्या वीस जणांनी मत दिलं आणि अकरा हो म्हणाले की उरलेल्या एकोणनव्वदांनाही भरावी लागते! आणि उलटंही होतं, एकोणीसच आले तर सगळे हो म्हणाले तरी बारगळलं. म्हणजे नको म्हणायला गेलेलं पोरगंच कधीकधी कोरम भरून देतं, म्हणून विरोधातली काही मुलं मुद्दाम घरी बसतात. मला स्वतःला हे पटत नाही, पण नियमच तसा आहे त्याला काय करणार. पास झालं तरी विद्यापीठाच्या प्रेसिडेंटची मंजुरी लागतेच.

मत देण्याआधी तिने दोन गोष्टी नीट वाचाव्यात. एक, जमलेल्या पैशातला किमान चौथा हिस्सा गरजू मुलांच्या मदतीला बाजूला काढावा लागतो, त्यामुळे जिमला म्हणून शंभर डॉलर दिले तरी जिमला पंचाहत्तरच जातात. (परदेशी मुलांना त्या मदतीतलं सहसा काही मिळत नाही, हेही माहीत असू द्या.) दुसरं म्हणजे वसुली कधीपासून. बऱ्याचदा इमारत उघडल्यावर फी सुरू होते, म्हणजे आज मत देणारी बॅच तोवर डिग्री घेऊन गेलेली असते आणि भरतात ती पोरं आत्ता शाळेत असतात. तिच्या मतपत्रिकेवर कुठलं वर्ष लिहिलंय ते विचारा, तिची डिग्री झाल्यानंतरचं असेल तर तुमच्या खिशाला काही फरक पडत नाही.