आई गटातून उठून आली, तेव्हा

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. आई 71 वर्षांची, हयात शिवणकामात गेलेली. सहा महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी सुरुवातीच्या टप्प्यातला डिमेन्शिया, म्हणजे स्मरणशक्ती आणि विचारशक्ती हळूहळू कमी होत जाण्याचा आजार, सांगितला. तू धडपडून तिचं नाव असा आजार असलेल्यांच्या एका गटात घातलंस. तिथे रंगीत मणी निवडायला दिले, मग सगळ्यांसमोर ‘आज वार कोणता?’ विचारलं. घरी येऊन ती म्हणाली, “मला काय बालवाडीत घातलंस?” आता ती जात नाही, आणि तू विचारतेस, जबरदस्ती करू का?

नको गं. आईचं काही चुकलेलं नाही. वार आठवला नाही याची लाज तिला वाटली, म्हणजे तिचा मान शाबूत आहे. तोच धरून पुढे जायचं आहे.

या आजारात बहुतेकदा आधी जातं ते कालपरवाचं. हातांना बसलेलं वळण बराच काळ टिकतं. काल कोण येऊन गेलं हे तिला सांगता येणार नाही, पण सुई हातात आली की तुरपाई सरळच पडेल. मग तिला मणी कशाला? गट चालवणाऱ्यांना सांग, जुन्या कापडांच्या पिशव्या शिवायचं काम काढा, आई बाकीच्यांना टाके दाखवेल. पिशव्या कोणाच्या तरी खरोखर उपयोगी पडायला हव्यात. नुसता वेळ घालवायला दिलेलं काम माणसाला लगेच कळतं, आजार असला तरी.

दुसरं, ‘आठवतंय का?’ हा प्रश्न तिथेही नको आणि घरीही नको. ‘तुला काय वाटतं?’ असं विचारावं. कॉग्निटिव्ह स्टिम्युलेशन थेरपी नावाची गटपद्धत याच तत्त्वावर चालते. पाच ते आठ माणसं, आठवड्यातून दोनदा, पाऊण तास, अशी 14 सत्रं. गटाचं नाव आणि सुरुवातीचं गाणं तीच माणसं ठरवतात. दोन छायाचित्रं समोर ठेवून यातलं कोणतं आवडलं आणि का, एवढंच विचारायचं. मताला चूक-बरोबर नसतं, म्हणून तोंड उघडायची भीती जाते. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या 201 जणांवरच्या ब्रिटिश चाचणीत अशा गटांतल्या लोकांची विचारशक्ती आणि जगण्याचं समाधान, दोन्ही इतरांपेक्षा सुधारलेलं दिसलं. आजार बरा होत नाही, हे तुला माहीत आहेच. पण माणूस बोलतं राहतं, आणि माझ्या लेखी ते फार मोठं आहे.

तिला ऐकू नीट येतं का, चष्म्याचा नंबर बरोबर आहे का, हेही बघून घे. गोंगाटात शब्द कानावर आले नाहीत की माणूस गप्प बसतं, आणि आपण ते विसरण्याच्या खात्यात टाकतो. ती ताजीतवानी असते ती वेळ निवड. सगळ्यांनीच, मदतनीसांनीसुद्धा, नावाच्या चिठ्ठ्या लावाव्यात, म्हणजे नाव विसरल्याची चोरी कोणालाच वाटणार नाही.

आणि हे सगळं तिच्या पाठीमागे ठरवू नकोस. आपल्याला काय झालंय हे तिला ठाऊक आहे. ‘मणी नकोत, मग काय करायला आवडेल?’ एवढं विचार आणि उत्तराला वेळ दे. ती ‘गट नकोच, शेजारच्या दोघी घरी आल्या तर शिवायला बसेन’ म्हणाली, तर तोही गटच. कात्री, टाचण्या आणि तिची ती जुनी मोजपट्टी आजच बाहेर काढून ठेव.

तुझी,
ताई