सोलापूर विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचं इंटरनेट व्यसन मोजायला कोणती चाचणी घ्यावी?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ किंबर्ली यंग यांची २० प्रश्नांची इंटरनेट अ‍ॅडिक्शन टेस्ट घ्या. प्रत्येक उत्तराला ० ते ५ गुण, एकूण १००: ३० पर्यंत सामान्य, ३१ ते ४९ सौम्य, ५० ते ७९ मध्यम, त्यापुढे तीव्र. मी मानसशास्त्राच्या मुलांचे प्रकल्प तपासते. सरांसमोर, नाव घालून भरलेले फॉर्म हमखास गुळगुळीत येतात. म्हणून नाव मागूच नका, आणि अक्कलकोट, मंगळवेढ्याहून येणाऱ्या मुलांसाठी प्रश्न मराठीत ठेवा. मात्र गुण म्हणजे निदान नव्हे. रात्री दोनपर्यंत स्पर्धा परीक्षेची लेक्चरं बघणाऱ्या मुलीचेही झोपेच्या प्रश्नावर गुण चढतात, आणि तिला व्यसनी ठरवणं अन्यायाचं आहे. वापर कशासाठी होतो, हे वेगळं विचाराच.