क्लॅरन्स डॅरो: गुन्हा कबूल करून लढलेले खटले

अमेरिकन वकील क्लॅरन्स डॅरोने खटले जिंकले ते केवळ वक्तृत्वाच्या बळावर का, असे आपण विचारले आहे. वक्तृत्व होतेच, परंतु माझ्या मते त्याचे खरे कसब, निर्णय कोणाच्या हाती जाऊ द्यायचा, हे ओळखण्यात होते.

रेल्वे कंपनीची वकिली सोडून त्याने १८९४ मध्ये पुलमन या रेल्वेडबे बनवणाऱ्या कंपनीशी निगडित संपातील नेते यूजीन डेब्स यांचे वकीलपत्र घेतले आणि १९०७ मध्ये खाणकामगारांचे नेते बिल हेवुड यांना निर्दोष सोडवले. १९११ मध्ये मात्र लॉस एंजेलिस टाइम्सच्या इमारतीतील स्फोटाच्या खटल्यात त्याने कामगार संघटनेशी संबंधित मॅकनमारा बंधूंना गुन्हा कबूल करायला लावला. त्यांची फाशी टळली, पण कामगार संघटना बिथरल्या. शिवाय ज्युरीला (निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाला) लाच देऊ केल्याच्या आरोपावरून डॅरोवरच खटले भरले गेले. एकातून तो सुटला, दुसऱ्यात ज्युरीचे एकमत झाले नाही. हा डाग पुरता धुतला गेला, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

वाचायचाच असेल तर शिकागोचा १९२४ चा लिओपोल्ड-लोब खटला वाचावा. श्रीमंत घरांतल्या या दोन तरुणांनी १४ वर्षांच्या मुलाचा खून केला होता. खून आणि खंडणीसाठी अपहरण, दोन्ही गुन्ह्यांना इलिनॉयमध्ये फाशी होती. एका आरोपात ती हुकली, तर सरकारी वकिलांना दुसरा पुढे करता आला असता. म्हणून डॅरोने दोन्ही आरोप एकदमच कबूल करवले. वेडेपणाचा बचाव घेतला असता तर ज्युरी बसली असती, त्यामुळे मनोविकारतज्ज्ञांच्या साक्षी त्याने शिक्षा सौम्य व्हावी एवढ्यापुरत्याच मांडल्या. फाशीची जबाबदारी आता ज्युरीतल्या बारा जणांत वाटली जाणार नव्हती, ती एकट्या न्यायाधीश कॅव्हर्ली यांच्यावर होती, आणि भाषणात डॅरोने त्यांना तसे स्पष्ट ऐकवले. शिक्षा झाली जन्मठेप आणि वर ९९ वर्षे. कॅव्हर्ली यांनी कारण दिले ते आरोपींच्या कोवळ्या वयाचे.

पुढच्याच वर्षी टेनेसी राज्यातील डेटन येथे, उत्क्रांतिवाद शिकवल्याबद्दल शिक्षक स्कोप्स यांच्यावर चाललेल्या खटल्यात, त्याने आपल्याच अशिलाला दोषी ठरवा, असे ज्युरीला सांगितले. त्यामुळे सरकारी पक्षाचे वकील ब्रायन यांचे तयार ठेवलेले समारोपाचे भाषण राहून गेले आणि अपिलाची वाट मोकळी झाली. ही खेळी मात्र पुरती साधली नाही. ५० डॉलरपेक्षा अधिक दंड ज्युरीनेच ठरवायचा असताना न्यायाधीशांनी १०० डॉलर ठोठावले होते, एवढ्यावरून टेनेसीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये शिक्षा रद्द केली; उत्क्रांतिवाद शिकवण्यास बंदी घालणारा कायदा तसाच राहिला आणि वॉशिंग्टनपर्यंत, म्हणजे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, नेण्यासारखे काही उरले नाही.