मिरवणुकीत टिकेल असं यंत्र

प्रिय पोरी,

तुझ्या डीजे कंट्रोलरचं, म्हणजे गाणी मिसळायच्या यंत्राचं, खोकं सोमवारी मिळालं. आवाज स्वच्छ आहे, पॅड बोटाला बरे लागतात. कौतुक तुझं चार जण करतीलच. माझी तीस वर्षं बंद पडलेले मिक्सर उघडण्यात गेली, म्हणून मी आधी ते पालथं केलं.

मागचे जॅक तू नुसते बोर्डावर सोल्डर केलेस. अंधारात कुणाचा पाय केबलला अडकला की सगळा हिसका त्या सोल्डरच्या टाक्यांवर. मग टाका तडकतो, आवाज येतो-जातो, आणि शिव्या तुझ्या सॉफ्टवेअरला. जॅक नट लावून पत्र्याला आवळ, तिथून बोर्डापर्यंत वायर ने.

आता फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी. विसर्जनानंतर माझ्याकडे एक मिक्सर आला होता. फटीतून आत गेलेला गुलाल घामात कालवून ट्रॅकवर लेपासारखा बसलेला. पट्टी सरकवली की खरखर. मालकाने हाताशी होता तो स्प्रे मारला होता, त्यात आतलं ग्रीसही धुऊन गेलं. फेडर बदलणं पाच मिनिटांचं काम. पण तिथवर पोचायला सगळे नॉब, सगळे नट आणि वरचा अख्खा पत्रा काढावा लागला. फेडरपेक्षा मजुरी जास्त झाली. तुझा क्रॉसफेडर (एका गाण्यावरून दुसऱ्यावर नेणारी पट्टी) वरूनच दोन स्क्रूंत निघू दे, खाली प्लग असू दे. परवडलं तर चुंबकावर चालणारा घे, त्यात घासायला ट्रॅकच नसतो. (मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतींबद्दल माझं मत तुला माहीत आहे, ते इथे नको. पण तुझं यंत्र तिथे जाणारच.)

टेक्निक्सचा एसएल-१२०० हा रेकॉर्ड प्लेअर कधी उघडून बघ. १९७२ साली तो घरी गाणी ऐकणाऱ्यांसाठी आला, डीजेंनी उचलून क्लबात नेला. १९७९च्या मार्क टू मॉडेलमध्ये वेगाचा गोल नॉब जाऊन लांब सरकपट्टी आली, अधिक-उणे ८ टक्क्यांची. तबकडी फिरवायला पट्टा नाहीच, मोटरचा चुंबक थेट तबकडीच्या पोटाला, म्हणजे सैल पडायला मध्ये काही उरत नाही. तरी त्या मार्क टूमध्येही मागच्या वायरी आतून सोल्डर केलेल्या असायच्या. २०१०ला बंद झालेला तो २०१६ला परत आला, तेव्हा तिथे सॉकेट होते. म्हणजे थोरामोठ्यांचंही राहून जातं.

पॉवर सप्लायमध्ये ८५ अंशांपर्यंतच उष्णता सोसणारे कपॅसिटर दिसले. १०५चे घाल, काही रुपयांचाच फरक आहे. जनरेटरवर न्यूट्रल सुटला तर २३०च्या जागी ४००पर्यंत व्होल्ट चढू शकतात, तेव्हा व्हॅरिस्टर (व्होल्ट चढले की ते स्वतःवर घेऊन फ्यूज उडवणारा भाग) हवाच, आणि फ्यूज बाहेरून बदलता यावा.

वरचा तो मऊ रबरी लेप मात्र काढून टाक. दुकानात हात फिरवायला छान वाटतो, पण दमट हवेत काही वर्षांत काकवीसारखा चिकट होतो. तळाचे स्क्रूही थेट प्लॅस्टिकमध्ये आहेत. मी दोनदा उघडलं, तेवढ्यात एकाचे आटे गेले. आत आटे असलेले पितळी बुश बसव.

दुसरा नमुना झाला की शनिवारी दुपारी घेऊन ये. पाव किलो गुलाल डब्यात काढून ठेवलाय.

तुझा,
काका